वसुलीवाला दारात आला, तर आधी काय विचारायचं?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे साडेआठ वाजले होते. पलीकडच्या बोळातली पोरगी धावत आली. "ओ मॅडम, जरा येताव का? फायनान्सवाले दारात बसलेत. मम्मीला उठू देईनात."

सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्यांना पुढचं चित्र नवं नाही. पोरीची आई, अक्का, उंबऱ्याच्या आत बसलेली. मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूची पानं आणि तंबाखू, पण हात थांबलेले. उंबऱ्यावर एक तरुण ठाण मांडून बसलेला, दुसरा मोटारसायकलला टेकून उभा. गल्लीतली दारं अर्धी उघडी, बाया आतूनच बघत होत्या. "पैसे घेतल्याशिवाय उठत नाही. नाहीतर गॅस उचलून नेतो. उद्या पोरीच्या कॉलेजात येतो," असं चाललं होतं.

कर्ज होतं बेचाळीस हजारांचं, गटातून घेतलेलं. पंधरवड्याचा हप्ता १,०२० रुपये. अक्काला डेंग्यू झाला, महिनाभर विड्या वळता आल्या नाहीत आणि तीन हप्ते थकले, म्हणजे ३,०६० रुपये. एवढ्या रकमेसाठी एक बाई स्वतःच्या घरात तोंड लपवून बसली होती. मी काही वकील नाही. विधी सेवा स्वयंसेवक म्हणून काही वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, त्यातून जे कळलं ते इथे सांगते आहे, कारण त्या रात्री गल्लीतल्या एकाही बाईला यातलं काही माहीत नव्हतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. घेतलेलं कर्ज फेडायचं असतं. या लेखात कर्ज बुडवायची युक्ती नाही. पण पैसे देणं लागतो म्हणून माणसाने अब्रूही गहाण टाकलेली नसते. कर्ज देणाऱ्याला वसुलीचा हक्क आहे आणि तो कसा बजावायचा याचे नियम आहेत. ते नियम कोणते, हे एकाच गोष्टीवर ठरतं, म्हणून दारात कुणी आलं की पहिला प्रश्न तोच विचारायचा.

कर्ज नेमकं कुणाचं?

आपल्याकडे सगळ्याला सरसकट "फायनान्स" म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. बँक, फायनान्स कंपनी, गटकर्ज देणारी मायक्रोफायनान्स कंपनी आणि मोबाईल ॲपमागची नोंदणीकृत कंपनी यांच्यावर रिझर्व्ह बँकेचा अंमल चालतो. पतसंस्था सहकार खात्याच्या हाताखाली येते. तिच्याविरुद्ध रिझर्व्ह बँकेकडे कितीही पत्रं पाठवली तरी उपयोग नाही, जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडेच जावं लागतं. सावकारालाही सहकार खात्याचाच परवाना लागतो आणि त्याच्यासाठी वेगळा कायदा आहे. म्हणून आधी कागद शोधा. गटकर्जाचं लोन कार्ड, बँकेचं मंजुरीपत्र, पतसंस्थेचं पासबुक, काहीही. त्यावर संस्थेचं नाव असतं. दारातल्या माणसाच्या शर्टावरच्या नावावर विसंबू नका. तो बहुतेक वेळा तिसऱ्याच एजन्सीचा असतो.

त्या रात्री मी त्या तरुणाला म्हटलं, "दादा, तुमचं ओळखपत्र दाखवा. आणि कंपनीने तुम्हाला वसुलीचा अधिकार दिल्याचं पत्र." ओळखपत्र निघालं. पत्र नव्हतं. वसुली एजंटाने ही दोन्ही सोबत ठेवायची आणि मागितल्यावर दाखवायची, असा नियम रिझर्व्ह बँकेने २००८ सालीच बँकांना घालून दिला. कोणता एजंट येणार हे कर्ज देणाऱ्याने कर्जदाराला आधी कळवलेलं असायला हवं. आणि तुम्ही त्याच कर्जाबद्दल लेखी तक्रार केली असेल, तर तिचा निकाल लागेपर्यंत बँकेने ते प्रकरण एजंटाकडे सोपवू नये, असंही त्यातच म्हटलं आहे. म्हणूनच तक्रार तोंडी न करता लेखी करायची.

गटकर्ज : नऊ ते सहा

मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने मायक्रोफायनान्स कर्जांसाठी एकच नियमावली आणली. ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला काहीही तारण न घेता दिलेलं कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स कर्ज, मग ते कंपनीने देवो की बँकेने. विडी कामगार, यंत्रमागावरचे कामगार, धुणंभांडी करणाऱ्या, भाजीची गाडी लावणाऱ्या, आपल्या शहरातली निम्मी घरं यात बसतील असं मला वाटतं.

या कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करणं हा जुलमी प्रकार आहे, असं नियमावलीत लिहिलं आहे. त्याच यादीत शिवीगाळ आणि धमकी आहे, सारखे फोन करणं आहे, नातेवाईक, मैत्रिणी किंवा कामावरच्या माणसांना छळणं आहे, थकबाकीदारांची नावं जाहीर करणं आहे, मारहाण किंवा तिची भीती घालणं आहे, आणि पैसे न दिल्यास काय होईल याबद्दल खोटं सांगणंही आहे. "गॅस उचलून नेतो" हे या शेवटच्या प्रकारात मोडतं, कारण विनातारण कर्जासाठी घरातली वस्तू उचलायचा अधिकार कुणालाच नाही. "कॉलेजात येतो" हे नातेवाइकांना छळण्याच्या प्रकारात.

घरी येण्याबद्दल मात्र नीट समजून घ्या. वसुली दोघांनी मिळून ठरवलेल्या जागी, म्हणजे गटाच्या मीटिंगच्या जागी व्हायची. कर्जदार सलग दोन किंवा जास्त वेळा तिथे आला नाही, तर कर्मचारी घरी किंवा कामाच्या ठिकाणी येऊ शकतो. अक्का तीन मीटिंगना गेली नव्हती. त्यामुळे तो तरुण घरी आला, यात त्याची चूक नव्हती. रात्री साडेआठला येणं, उंबऱ्यात ठाण मांडणं आणि धमक्या देणं, या चुका होत्या. मी त्याला हे याच शब्दांत सांगितलं. आपण आपली बाजू खरी मांडली की समोरच्यालाही आवाज चढवायला जागा राहत नाही. तो उठला. जाताना "उद्या साहेबांना पाठवतो" म्हणाला. मी म्हटलं, "पाठवा, सकाळी दहानंतर."

मग लोन कार्ड बघितलं. सगळं इंग्रजीत. अक्का तेलुगू बोलते, शाळा मराठीतून सातवीपर्यंत झालेली. कार्ड कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असलं पाहिजे. त्यावर व्याज आणि सगळे खर्च मिळून कर्ज किती टक्क्यांना पडतं, भरलेल्या प्रत्येक हप्त्याची पोच, तक्रार कुणाकडे करायची त्या अधिकाऱ्याचं नाव-नंबर, आणि शेवटी कर्ज फिटल्याची नोंद, एवढं हवं. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड लावता येत नाही. हप्ता उशिरा भरला, तर दंड फक्त थकलेल्या रकमेवर.

आणखी एक नियम कर्ज देतानाचा आहे. कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत, हे तपासूनच नवं कर्ज द्यायचं. प्रत्यक्षात मी एकाच घरात तीन-तीन कंपन्यांची कार्डं बघितली आहेत, पहिल्याचा हप्ता भरायला दुसरं, दुसऱ्याचा भरायला तिसरं. त्याने कर्ज माफ होत नाही. पण तक्रार लिहिताना हा मुद्दा जरूर लिहावा, कारण तिथे चूक कर्ज देणाऱ्याची आहे. शिवाय परतफेडीत अडचण आलेल्या कर्जदाराला गाठून, बोलून, त्याला काय मार्ग आहेत ते सांगायची जबाबदारी याच नियमावलीने कंपनीवर टाकली आहे. म्हणजे "हप्ता लहान करून मुदत वाढवा" असं लेखी मागणं यात लाजण्यासारखं काही नाही.

गटातल्या एकीचा हप्ता आला नाही म्हणून सगळ्या बायकांना मीटिंगमध्ये डांबून ठेवायची पद्धत अजून काही ठिकाणी दिसते. मुलं शाळेतून घरी आलेली, चूल थंड आणि आई दोन वाजेपर्यंत कुणाच्या तरी ओसरीत बसून. माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध अडवून ठेवणं हा फौजदारी गुन्हा आहे. उठून चालू लागा, आणि कुणी आडवं आलं तर ११२ लावा.

बाकीची बँका-फायनान्सची कर्जं

दुचाकी, रिक्षा, घर, वैयक्तिक कर्ज, क्रेडिट कार्ड यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेचं १२ ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक आहे. इथे वेळ सकाळी आठ ते संध्याकाळी सात. धमकी, चारचौघांत अपमान, घरच्यांच्या, कर्ज घेताना संदर्भ म्हणून नावं दिलेल्यांच्या, मित्रांच्या खासगी आयुष्यात घुसणं, मोबाईलवर किंवा सोशल मीडियावर अश्लाघ्य मेसेज, निनावी फोन, हे सगळं बंद. आणि एजंटाने केलेल्या कृत्याची जबाबदारी बँकेची. "तो आमचा माणूस नाही, एजन्सीचा आहे" हे उत्तर चालत नाही.

वाहन ओढून नेण्याबद्दल रिक्षावाले बंधू नेहमी विचारतात. वाहन कर्जाच्या करारात जप्तीचं कलम असतं, त्यामुळे कंपनी गाडी कधीच नेऊ शकत नाही असं नाही. पण करारात नोटिशीची मुदत, ताब्याची पद्धत आणि विकण्याआधी पैसे भरायची शेवटची संधी लिहिलेली असावी लागते, आणि तसंच वागावं लागतं. अक्कलकोट रोडवर चार जणांनी रिक्षा अडवून किल्ली हिसकावणं, हे त्यात बसत नाही. गुंड पाठवून गाड्या उचलण्याची पद्धत मोडून काढली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालच्याच एका निकालात सांगितलं आहे. अशा वेळी हातघाईवर येऊ नका. व्हिडिओ काढा, गाडीतल्या सामानाची यादी लिहून घ्या आणि थेट पोलीस ठाणं गाठा.

"पोलीस आणतो, जेलात टाकतो"

सगळ्यात जास्त भीती याची, म्हणून इथे जरा थांबते.

कर्ज थकणं हा गुन्हा नाही. तो दिवाणी मामला आहे. पोलीस कुणाचे हप्ते वसूल करत नाहीत आणि थकबाकीपोटी कुणाला उचलून नेत नाहीत. कर्ज देणाऱ्याने दिवाणी कोर्टात दावा लावायचा, कोर्टाने तुमचं ऐकून हुकूमनामा द्यायचा, मग वसुली. हुकूमनाम्यानंतरही, ऐपत असून मुद्दाम पैसे दडवणाऱ्यालाच दिवाणी तुरुंगाची वेळ येऊ शकते. गरिबीमुळे देता येत नाही म्हणून तुरुंगात टाकणं घटनेच्या कलम २१ विरुद्ध आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली सांगितलं. आणि बायकांसाठी तर दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५६ सरळ म्हणतं, पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येणार नाही. ही ओळ मी वहीत लिहून ठेवली आहे. ती वाचून दाखवली की बायकांचे खांदे सैल होतात, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

चेकची गोष्ट मात्र वेगळी. दिलेला चेक वटला नाही तर तो निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, म्हणजे चेकच्या कायद्याच्या कलम १३८ खाली गुन्हा होतो. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. चेक परत आल्याचं कळल्यावर समोरच्याने तीस दिवसांत नोटीस पाठवायची आणि ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत तुम्ही पैसे भरलेत तर प्रकरण पुढे जात नाही. ती पंधरा दिवसांची खिडकी सोन्यासारखी आहे. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता परत गेला, तरी अशीच कारवाई होऊ शकते. म्हणून कोरे चेक देणं टाळा. दिले असतीलच तर त्यांचे नंबर कुठेतरी लिहून ठेवा.

व्हॉट्सॲपवर "कोर्टाची नोटीस" म्हणून लाल शिक्क्याचे कागद येतात. खऱ्या केसला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो आणि तो ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकला की केस दिसते. नंबरच नसेल तर घाबरू नका. लोक अदालतीची नोटीस आली तर तीही अटकेची नसते. तिथे दोघांच्या संमतीने तडजोड होते, संमती नसेल तर होत नाही. पण केलेली तडजोड अंतिम असते, तिच्यावर अपील नाही, तेव्हा झेपेल तेवढंच कबूल करा. आणि खरं समन्स आलं तर ते उशीखाली ठेवून झोपू नका. तारखेला गैरहजर राहिलात, तर मग मात्र वॉरंट निघू शकतं.

घरातलं काय नेता येतं?

कोर्टाचा हुकूमनामा झाला तरी काही गोष्टींना जप्ती शिवू शकत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये त्यांची यादी आहे: अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीने अंगावेगळा करायचा नसतो असा दागिना, म्हणजे आपलं मंगळसूत्र, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, बैल आणि बियाणं, मजुराची मजुरी. एखादी वस्तू खास त्या कर्जासाठी तारण लिहून दिली असेल तर तिचं वेगळं. पण विनातारण गटकर्जासाठी विडीचं सूप, शिलाई मशीन किंवा कपाट उचलायला आलेला माणूस कायद्याच्या बाहेर उभा आहे.

घर तारण असेल तर सरफेसी कायदा, २००२ लागू होतो, म्हणजे बँक दिवाणी दावा न लावता तारण ताब्यात घेऊ शकते. नव्वद दिवस हप्ता थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत, होतं, मग साठ दिवसांची लेखी नोटीस येते. तिला तुम्ही लेखी हरकत घेतलीत, तर बँकेने पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं. त्यानंतर ताबा. ताब्याच्या कारवाईविरुद्ध पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. शेतजमीन या कायद्यातून वगळलेली आहे. इथे वकील लावायला उशीर करू नका, मुदती भराभर संपतात.

पतसंस्था आणि वसुली दाखला

सोलापुरात पतसंस्था भरपूर आणि त्यांचा रस्ता वेगळा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली संस्था निबंधकाकडे अर्ज करते. चौकशी होते आणि मग "वसुली दाखला" मिळतो. एकदा दाखला हातात आला की वसुली अधिकारी जप्ती-लिलावापर्यंत जाऊ शकतो, दिवाणी दाव्याची गरज राहत नाही.

निबंधकाकडून सुनावणीची नोटीस येते, तेव्हा लोक जात नाहीत. "जाऊन काय करायचं, पैसेच नाहीत," म्हणतात. जायचं असतं! व्याज जास्त लावलंय, भरलेल्या पावत्या जमेला धरल्या नाहीत, सही माझी नाही, हे सांगायची जागा तीच. एकदा दाखला निघाला की त्याविरुद्ध वर पुनरीक्षण अर्ज करायला वसुलीच्या रकमेच्या निम्मे पैसे आधी भरावे लागतात. तेवढे असते तर थकबाकी राहिली असती का? तेव्हा सुनावणीच्या दिवशी पावत्यांची पिशवी घेऊन हजर राहा.

जामीनदारांनाही याच वेळी नोटिसा येतात. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच पूर्ण असते. "आधी त्याच्याकडून घ्या" म्हणता येत नाही. जामीनदाराने भरलेले पैसे मूळ कर्जदाराकडून वसूल करता येतात, एवढा हक्क उरतो. उलट, नवऱ्याच्या कर्जावर बायकोची सही नसेल तर ती देणं लागत नाही. कर्जदार वारला तर वारसांची जबाबदारी त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरतीच. गटकर्जासोबत अनेकदा विमाही काढलेला असतो. घरात मृत्यू झाला असेल तर हप्ता भरण्याआधी त्याची विचारणा करा.

सावकार

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवानाधारकालाही व्याजाची मर्यादा आहे: शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२, इतरांना तारणावर १५, विनातारण १८. वर्षाला, बरं का. आपल्याकडे "दहा टक्क्याने" म्हणतात ते महिन्याचं असतं. वीस हजारांवर दहा टक्क्याने वर्षाला चोवीस हजार फक्त व्याज, मुद्दल तसंच. कायद्याने तेच विनातारण व्याज ३,६०० रुपये होतं. हा हिशेब मी एका भाजीवाल्या मावशींना कागदावर करून दाखवला, तर त्या किती वेळ त्या कागदाकडे नुसत्या बघत राहिल्या.

सावकाराने कर्जापोटी जमीन किंवा घर लिहून घेतलं असेल, खरेदीखत झालं असलं तरीही, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. व्यवहार गेल्या पंधरा वर्षांतला असेल आणि तो सावकारीचाच होता असं चौकशीत दिसलं, तर ती मालमत्ता परत देण्याचा आदेश होऊ शकतो. जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना हे ठाऊक असायला हवं, खेड्यापाड्यात हे कुणी सांगत नाही.

ॲपवरचं कर्ज

थोडक्यात सांगते. नोंदणीकृत कंपनीच्या कर्ज-ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट, फोटो, कॉल लॉग बघायला मनाई आहे. पैसे थेट तुमच्या खात्यात यायला हवेत. अशा ॲपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. फोटो बिघडवून नातेवाइकांना पाठवतो म्हणणारा माणूस सरळ गुन्हेगार आहे. त्याला एक रुपयाही देऊ नका, मेसेज पुसू नका, १९३० ला फोन करा आणि सायबर पोलिसांत जा. आणि घरच्यांना सांगा. लपवून ठेवल्यानेच त्या लोकांचं फावतं.

लिहून द्या, पोच घ्या

त्या रात्री आम्ही पोरीच्या वहीचं एक पान फाडलं आणि अर्ज लिहिला:

"मी आपल्या गटाची सभासद. आजारपणामुळे तीन हप्ते, एकूण ३,०६० रुपये थकले आहेत. कर्ज मला मान्य आहे. आज रात्री ८.३० वाजता आपले दोन कर्मचारी घरी आले व धमकी दिली. त्यांच्याकडे अधिकारपत्र नव्हते. माझे कार्ड इंग्रजीत आहे, ते मराठीत मिळावे. पुढील चार महिने हप्ता कमी करून मुदत वाढवून मिळावी. वसुलीसाठी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा या वेळेतच संपर्क करावा."

सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स. सकाळी शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला. शिक्का द्यायला नकार दिला तर स्पीड पोस्टाने पाठवा. धमकीचे फोन रेकॉर्ड करा, मेसेज जपा, तारीख-वेळ वहीत लिहा, शेजारणीला साक्षीला ठेवा.

बँक किंवा फायनान्स कंपनीने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. ही एकात्मिक योजना नोव्हेंबर २०२१ पासून आहे. तक्रार फुकट, वकिलाची गरज नाही. १४४४८ या नंबरवर माहिती मिळते, तक्रार ऑनलाइन किंवा पोस्टाने करता येते. सेवेतल्या त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. धमकी, शिवीगाळ, घरात घुसणं, बाईमाणसाशी घाणेरडं बोलणं यासाठी मात्र कुठल्याही तीस दिवसांची वाट बघायची नाही, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यायची. तिथे घेतली नाही तर शहरात पोलीस आयुक्तांना आणि ग्रामीण भागात पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवायची. वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००.

पैसे देताना एजंटाच्या स्वतःच्या मोबाईल नंबरवर कधी पाठवू नका. कर्जखात्यावर किंवा शाखेत भरा आणि पावती घ्या. "एकरकमी इतके द्या, प्रकरण मिटवतो" असा फोन आला तर कंपनीच्या लेटरहेडवर पत्र मागा. तडजोडीने मिटलेलं कर्ज सिबिलमध्ये "सेटल्ड" दिसतं आणि पुढे नवं कर्ज मिळताना आडवं येतं, हे धरून ठरवा. पूर्ण फेडलंत तर ना-हरकत दाखला घ्या. आपला सिबिल अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, त्यात खातं बंद दिसतंय का ते बघा.

आठवड्याने त्या कंपनीचे साहेब आले, सकाळी अकराला, मीटिंगच्या जागी. चार महिने हप्ता सहाशे आणि मुदत पुढे, असं ठरलं. मराठी कार्ड यायला आणखी पंधरा दिवस लागले. अक्काने ते पोरीकडून मोठ्याने वाचून घेतलं. भरलेले एकोणीस हप्ते एकेक करून मोजले, तर कार्डावर अठराच होते. मग तिने डब्यातून एकोणिसावी पावती काढली, साहेबांसमोर धरली आणि नोंद होईपर्यंत हातातून सोडली नाही.